दुसऱ्यांदा ये, मग बघू

उभा जन्म ज्याने थंड गोदामात काढला, त्याला लोक थंडोबा म्हणणारच. कारखान्यात हे नाव पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघालं ते आता कुणालाच आठवत नाही, पण चिकटलं ते कायमचं. घरी बायकोसुद्धा वैतागली की म्हणायची, "अहो थंडोबा, उठा आता, चहाचं बर्फ झालं." त्याला राग यायचा नाही. खरं तर त्याला कशाचाच राग पटकन यायचा नाही. तो आत आत साठत जायचा, आणि साठलेला राग वितळायला फार वेळ लागतो हे त्याला स्वतःलाही ठाऊक होतं.

कारखाना औषधांचा होता, पण तिथे ना मुळ्या कुटत, ना गोळ्या दाबत. तिथे माणसाच्या रक्तातून औषध काढत. गावोगावच्या केंद्रांवर लोक येऊन हात पुढे करायचे. यंत्र त्यांचं रक्त घ्यायचं, तांबड्या पेशी परत अंगात सोडायचं आणि पिवळसर पाणी तेवढं बाटलीत ठेवून घ्यायचं. हे पाणी म्हणजे प्लाझ्मा. त्यातच रक्त गोठवणारी प्रथिनं असतात, रोगाशी लढणारी असतात, आणि भाजलेल्या माणसाच्या अंगात पाणी धरून ठेवणारीही असतात. ज्याच्या शरीरात ती जन्मतःच कमी पडतात, त्याला ती दुसऱ्या माणसाकडूनच मिळतात. नव्या कामगाराला थंडोबा एकच गोष्ट सांगायचा, "बाबा रे, हे ना शेतात पिकतं, ना खाणीत सापडतं. कुणीतरी दिलं तरच आहे."

त्याचं राज्य म्हणजे गोठणघर. जाड दारामागे मांडण्यांच्या रांगा आणि त्यांवर दगडासारख्या गोठलेल्या बाटल्या. पापण्यांवर हिव जमायचं, हातमोज्यातली बोटं बधिर व्हायची, आणि बाहेर आल्यावर चष्मा असा धुरकटायचा की समोर साहेब उभा आहे की झाडू, तेही कळू नये. प्रत्येक बाटलीवर फक्त आकडा. नाव नाही, गाव नाही. तिचा नमुना प्रयोगशाळेत तपासला जायचा, आणि निकाल चांगला आला तरी बाटली लगेच आत जायची नाही. ती थांबायची. मधल्या काळात देणाऱ्याबद्दल काही वावगं कळलं, तर तिला ओढून बाहेर काढता यावं म्हणून.

कारण पुढे सगळं एकत्र होतं. हजारो माणसांच्या बाटल्या हळूहळू वितळवून एका मोठ्या टाकीत ओततात. मग थंडी, अल्कोहोल आणि आंबटपणा कमीजास्त करत एकेक प्रथिन तळाशी बसवायचं आणि वेगळं काढायचं. त्यानंतर विषाणू मारायचे: कुठे रसायनाने, कुठे तासन्‌तास ऊब देऊन, कुठे इतक्या बारीक गाळणीतून की विषाणू अलीकडेच अडकावा. इमारतीच्या मधोमध, विषाणू मारण्याआधीचा आणि मारल्यानंतरचा माल वेगळा ठेवणारी एक भिंत होती. भिंतीच्या अलीकडचा माणूस त्या दिवशी पलीकडे जायचा नाही, त्याचे जोडेही जायचे नाहीत. एकदा कुणीतरी विचारलं, "पुढे एवढं सगळं मारतातच, मग बाटल्या थांबवून ठेवायची कटकट कशाला?" थंडोबा म्हणाला, "घराला कुलूप आहे म्हणून चोराला पत्ता देतोस का?"

पहिल्यांदाच देणाऱ्याच्या बाटलीला तर आणखी एक अट होती. तो माणूस दुसऱ्यांदा येऊन पुन्हा तपासणीत उतरल्याशिवाय त्याची पहिली बाटली वापरायची नाही. सहा महिन्यांत आला नाही, तर बाटली बाद. थंडोबाला हा नियम इतका आवडायचा की तो त्याने घरातही लागू केला होता. नवा दूधवाला असो, नवा शेजारी असो की बायकोची नवी मैत्रीण, त्याचं आपलं एकच: "बघू. दुसऱ्यांदा काय होतं ते बघू." ताकही फुंकून पिणाऱ्या जातीचा माणूस. बायको म्हणायची, "बरं झालं, लग्नाला पहिल्याच खेपेला हो म्हणालात."

आता त्याच्या धाकट्या भावाबद्दल. त्याचं घरातलं नाव 'आलोच'. लहानपणापासून कुणी हाक मारली की हा ओरडायचा, "आलोच!" आणि उगवायचा ताटं उचलून झाल्यावर. मोठेपणी तो लांबच्या पल्ल्याचे ट्रक चालवायला लागला, म्हणजे उशिराला कायमचं निमित्तच मिळालं. माणूस मोठा लाघवी. वहिनीला हसवायचा, दादाच्या नकला दादासमोरच करायचा. पण त्याच्या शब्दावर भात शिजत घालावा तर भात कच्चाच राहायचा.

आईच्या शेवटच्या आजारात त्याने हेच केलं. थंडोबा दवाखान्यातून फोन करायचा आणि हा म्हणायचा, "वाटेत आहे दादा, आलोच." तो वाटेत नव्हता. गाडी रिकामी करायला दूर कुठेतरी अडकला होता, आणि खरं सांगायची हिंमत होत नव्हती म्हणून 'वाटेत' म्हणत राहिला. आई दाराकडे बघत गेली. तो पोचला तेव्हा खाटेवर दुसराच रोगी होता. तो रडला, पाया पडला, पण थंडोबाच्या आत जे साठायचं ते साठून गेलं होतं. त्यानंतर दोघं एकमेकांच्या घरी जायचे, बोलायचेही, पण थंडोबा त्याच्याशी फक्त हवापाण्याचं बोलायचा.

मग आलोचने उशिराच लग्न केलं, आणि लग्नानंतर तो जरा ताळ्यावर आला. लांबच्या खेपा सोडल्या, शेजारच्या शहरात दोन खोल्या घेतल्या. एका दुपारी तो दादाच्या दारात उभा राहिला, कोपरावर चिकटपट्टी, चेहऱ्यावर शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा आनंद.

"दादा, बघ. दिला."

"काय दिलास?"

"प्लाझ्मा. आमच्याकडच्या केंद्रावर. तुमच्याच कारखान्यात येतो ना तो? म्हटलं, आईच्या वेळी नाही आलो, निदान माझी बाटली तरी तुझ्या दारात वेळेवर पोचू दे." आणि त्याने खिशातून आकड्याची चिठ्ठी काढून दादाच्या हातात दिली.

वहिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. थंडोबालाही बरं वाटलं, खोटं कशाला बोला. त्या क्षणी त्याने नुसता पाठीवर हात ठेवला असता तरी पुरलं असतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. तो म्हणाला, "पहिली बाटली आम्ही वापरत नाही. दुसऱ्यांदा ये, मग बघू."

नियम खरा होता, आणि वाक्यही हसत हसतच आलं होतं. पण त्यात नियमाहून जास्त काय होतं ते तिघांनाही कळलं. आलोच म्हणाला, "येईन की. या वेळी खरंच येईन." चहा पिऊन तो गेला. तो गेल्यावर बायको म्हणाली, "एवढा लांबून आला होता हो तो." थंडोबा उगाच वर्तमानपत्र उलटंसुलटं करत बसला.

आकड्यांच्या बाबतीत त्याची स्मरणशक्ती वाईट होती, म्हणजे आकडा एकदा वाचला की विसरता येत नसे. ती बाटली गोठणघरात आल्यावर त्याने ती हुडकली. हे करायचं नसतं. बाटली कुणाची हे तिथे कुणालाच ठाऊक नसावं, तेच बरं असतं. पण मधल्या रांगेत, खालून दुसऱ्या फळीवर ती उभी आहे हे कळल्यापासून तो त्या रांगेतून जरा जास्तच जायला लागला. हिव जमलं असेल तर अंगठ्याने पुसायचा. पिवळा रंग गोठून फिकट झालेला, इतर हजारोंसारखाच. मनात तो दिवस मोजत होता, पण फोन उचलून "कधी येतोस?" असं एकदाही विचारलं नाही. त्याचं म्हणणं, त्याने आपणहून यायला हवं, नाहीतर परीक्षा कसली? सख्ख्या भावाची परीक्षा घ्यायला त्याला कुणी सांगितलं होतं, हे विचारणारा तेव्हा कुणी नव्हता.

आणि एका दुपारी बाटल्यांवरचे आकडे वाचणाऱ्या हातातल्या यंत्राने त्या फळीपाशी ओरड केली. पडद्यावर लाल पट्टी. बाटली रोखली आहे, बाहेर काढा. आकडा तोच.

लाल पट्टी कधी कारण सांगत नाही. कारण माहीत असतं केंद्राला आणि तपासणी विभागातल्या बाईंना, आणि ते तिथेच राहतं. देणाऱ्याची अब्रू राखण्यासाठी ही सोय. पण थंडोबाने कारण स्वतःच भरलं. भरायला वेळही लागला नाही. ट्रकचे मुक्काम, रस्त्याकडेच्या खोल्या, असल्यातसल्या सुया, नको त्या संगती, सगळं त्याच्या मनात तयारच होतं. फॉर्मवर खोटं लिहिलं असणार. तोंडभर हसत खोटं बोलला असणार, 'वाटेत आहे' म्हणाला होता तसाच. आणि असली बाटली आणून मिरवली माझ्या दारात! एक नासका आंबा सगळी आढी नासवतो, आणि हा नासका आंबा माझ्याच घरातला.

तो फाटकातून बाहेर पडत होता तेवढ्यात फोन वाजला. आलोच.

"दादा, ऐक ना, मला एक सांगायचं..."

"मला सगळं कळलंय," थंडोबा म्हणाला.

"कळलं? कुणी..."

"कुणी का सांगेना. कुठे कुठे शेण खाऊन आलास ते ऐकायची मला हौस नाही. खोटं बोलायला आई पुरली नाही, आता आजारी माणसांच्या औषधात घाण कालवायला निघालास? पुन्हा फोन करू नकोस. माझ्या दारातही येऊ नकोस."

पलीकडे भांडी वाजल्यासारखा आवाज, कुणीतरी कुणाला हाक मारत होतं. मग आलोच अगदी हळू म्हणाला, "बरं," आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी थंडोबा पोटभर जेवला. एवढं मनासारखं बोलायला त्याला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं, आणि त्याला हलकं हलकं वाटत होतं. नंतर त्याला सगळ्यांत जास्त लाज वाटली ती या जेवणाची.

बाटली जाळायला पाठवली गेली. इतर बाद बाटल्यांसोबत ती पिवळ्या डब्यात त्यानेच ठेवली आणि झाकण लावलं. महिने गेले. बायको अधूनमधून म्हणायची, "भावजींना एकदा फोन तरी करून बघा." तो म्हणायचा, "विषय काढू नकोस." तिने स्वतः करून पाहिला, तर फोन बंद.

कारखान्यात दरवर्षी एक दिवस शिकवणीचा असतो. सगळ्यांना सभागृहात बसवतात, तपासणी विभागातल्या बाई पडद्यावर चित्रं दाखवतात, मागच्या रांगेतले डुलक्या काढतात. थंडोबाही त्या रांगेतला. त्या वर्षी एका नव्या कामगाराने हात वर केला. "बाई, लाल पट्टी येते म्हणजे त्या माणसाने आधी खोटं लिहिलेलं असतं ना?"

बाई म्हणाल्या, "उलट आहे. ज्याला खोटं बोलायचंय तो आम्हाला कशाला कळवेल? तपासणीत पकडलं गेलं तर गोष्ट वेगळी, ते आधीच कळतं. पण बाटली इथे येऊन थांबलेली असताना जी लाल होते, ती बहुतेक वेळा देणाऱ्याने स्वतः फोन केल्यामुळे. घरात कुणाला कावीळ निघाली, स्वतःला ताप आला, काही लपवलेलं आठवलं. कुणी विचारत नसताना हा माणूस फोन उचलतो आणि सांगतो, माझी बाटली थांबवा. आपली सगळी यंत्रं एका बाजूला आणि हा फोन एका बाजूला. लाल पट्टी दिसली की नाक मुरडू नका. कुठेतरी कुणीतरी खरं बोललंय, एवढं समजा."

पुढची चित्रं थंडोबाला दिसली नाहीत. इतकी वर्षं लाल पट्ट्या काढल्या, पण त्यामागे फोन हातात धरलेला माणूस असतो हे त्याच्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं. साप समजून आपण भुई धोपटली, आणि भुई होती सख्ख्या भावाची पाठ.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो शेजारच्या शहराला गेला. पत्ता बायकोने दिला. जिना अरुंद, भिंत खांदे घासून तेलकट झालेली. दार आलोचनेच उघडलं. खूप वाळला होता. दादाला बघून तो रागावला नाही, दचकला नाही, नुसता बाजूला झाला. "ये. बस."

खोली झाडलेली होती, पण कुणी राहत नसल्यासारखी झाडलेली. दारामागे बायकी चपलांचा जोड भिंतीला टेकवून उभा केलेला. थंडोबाने तो पाहिला, इकडेतिकडे पाहिलं, आणि विचारण्याआधीच त्याला कळलं.

"कधी?"

"तू फोनवर बोललास, त्याच्या चौथ्या दिवशी." आलोचने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. "कावीळ झाली होती तिला. साधी असेल म्हणून आम्ही दुर्लक्ष केलं. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, यकृताला धरलंय, आणि पोटात बाळ, म्हणून जास्त धोका. घरातल्यांनी पण तपासून घ्या म्हणाले, लागण असू शकते. तेव्हा मला पहिली आठवली ती बाटली. मी आधी केंद्राला फोन केला, मग तुला."

"आधी त्यांना?"

"तू असतास तर तेच म्हणाला असतास ना? आधी बाटली थांबव, मग रड." तो अगदी साधेपणाने हे बोलला, टोमणा म्हणून नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं.

थंडोबाने तांब्या उचलला आणि न पिताच खाली ठेवला. मग त्याने विचारलं, "मला कशाला केला होतास?"

"ये म्हणायला. दुसरं काय? ती सारखी दाराकडे बघायची. माहेरचं कुणी नव्हतं तिला. म्हटलं, दादा आला तर घरचं माणूस आलं असं तिला वाटेल." मग म्हणाला, "तू म्हणालास, सगळं कळलंय. मला वाटलं, तिच्या आजाराचं कळूनसुद्धा तू असं बोलतोयस."

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. दोघांनी त्याची हाक लांब जाईपर्यंत ऐकली.

"माझं रक्त तपासलं दोनदा," आलोच म्हणाला. "काही निघालं नाही. बाटलीचं काय केलंत रे?"

"जाळली."

"चांगली होती पण."

"हो. चांगलीच असणार."

"मग?"

"संशय आला की जाळावी लागते," थंडोबा म्हणाला, आणि ते वाक्य पुरं होताच त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो रडला. रडताना "माझं चुकलं" असं म्हणाला, पुन्हा पुन्हा म्हणाला. आलोच जवळ आला नाही आणि दूरही गेला नाही. त्याने चहा टाकला. आईच्या वेळी पाया पडून तो स्वतः रडला होता, आणि तेव्हा दादा खिडकीबाहेर बघत उभा राहिला होता. दोघांनाही ते आठवत असणार.

चहा झाल्यावर थंडोबा म्हणाला, "घरी चल. चार दिवस राहा. तुझी वहिनी वाट बघतेय."

आलोचने खोलीवरून एकदा नजर फिरवली, चपलांच्या जोडावर ती जरा थांबली. "तू हो पुढे दादा. खाली थांब्यावर थांब. आलोच."

थंडोबा जिना उतरला. थांब्यावर एक म्हातारी पिशवी घेऊन बसली होती, तिच्या शेजारी बसला. बस आली, म्हातारी चढली, कंडक्टरने त्याच्याकडे बघितलं, त्याने मानेनेच नाही म्हटलं. दुसरी बस आली. तिसरीही आली. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडी होती आणि तिच्यात कुणी दिसत नव्हतं. सावली रस्ता ओलांडून त्याच्या पायांपर्यंत आली. थांबणं हेच ज्याचं आयुष्यभराचं काम, त्याला थांबणं जड जात नव्हतं. पण मन सवयीने कारणं पुढे करत होतं: येणार नाही, यायचंच नव्हतं, आईच्या वेळी असंच, सुधारणार नाही, आता सूड घेतोय. एकेक कारण येत होतं आणि तो एकेकाला परत पाठवत होता. तो का आला नाही हे तो आला की सांगेल, आणि नाही आला तर ते त्याचं त्याच्यापाशी राहील.

चौथी बस आली तेव्हाही थंडोबा उठला नाही.